एक प्लेट तर्री-पोहे आणि रद्द झालेलं ऑपरेशन

गेल्या जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजता पुष्पाबाईंचं स्तनाचं ऑपरेशन रद्द झालं. केसपेपरवर कारण असं आहे: रुग्णाने सात वाजता एक प्लेट तर्री-पोहे खाल्ले.

मी वर्ध्यातल्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णाच्या गाठीतला तुकडा माझ्याकडे येतो. मी तो मायक्रोस्कोपखाली पाहते आणि काय आहे ते लिहून देते. रुग्णाशी माझा संबंध सहसा एवढाच.

पुष्पाबाई समुद्रपूर तालुक्यातल्या. घरची भाजीची शेती, बाजारात बसून विक्रीही त्याच करत. उजव्या स्तनात गाठ आली होती. बाहेरच्या लॅबने सुईने पेशी काढून तपासल्या आणि ‘कॅन्सर’ असं लिहिलं. त्यावर आमच्या सर्जनसाहेबांनी मंगळवारच्या लिस्टमध्ये त्यांचं नाव घातलं. पूर्ण स्तन काढायचा होता.

सोमवारी दुपारी बायोप्सीची स्लाइड माझ्यासमोर आली. स्तनाचा नेहमीचा कॅन्सर दुधाच्या नळ्यांमधून निघतो. त्याच्या पेशी एकमेकींना चिकटून पुंजके करतात. इथे पुंजका नव्हता. सगळ्या पेशी मोठ्या, सारख्या आणि सुट्या होत्या. हा लिम्फोमा वाटत होता, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातीचा कॅन्सर. तो स्तनात क्वचित सुरू होतो. त्याला औषधं लागतात. स्तन काढून त्यात फायदा होत नाही, उलट औषधं लांबतात.

मी सर्जनना फोन केला.

“खात्री आहे?”

“नाही सर. मार्कर तपासायला तुकडा नागपूरला पाठवलाय. गुरुवारी कळेल.”

“म्हणजे संशय. संशयावर मी लिस्ट बदलत नाही, मॅडम. बाई खेड्यातली आहे. आज घरी पाठवली तर परत येईल?”

प्रश्न चुकीचा नव्हता. मी संशय लेखी कळवला. लिस्ट बदलली नाही.

चार वाजता पुष्पाबाई लॅबच्या खिडकीशी आल्या.

“मॅडम, माह्या गाठीचं काई समजलं का?”

“पक्का रिपोर्ट गुरुवारी येईल, मावशी.”

“मंग उद्या काऊन कापून राह्यले?”

“ते सरांना विचारा.”

“इचारलं. ते म्हनले, रात्री बारापासून उपाशी राह्य. मले पाहू तं द्या, काय हाय ते.”

आमच्या मायक्रोस्कोपला विद्यार्थ्यांसाठी दुसरं नळकांडं आहे. मी त्यांना तिथे बसवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“हे तं वटाण्याचे दाने हायेत. शेंग कुठं हाय?”

एम.डी.च्या विद्यार्थ्याला हे कळायला सहा महिने लागतात. मी म्हटलं, “तेच शोधतेय.”

त्या उठल्या. दारात थांबल्या.

“उपाशी नाई राह्यलं तं काय होते?”

“भूलवाले डॉक्टर भूल देत नाहीत. ऑपरेशन पुढे जातं.”

“पुढं म्हंजे कधी?”

“पुढची लिस्ट शुक्रवारची.”

“गुरुवारच्या बादचा शुक्रवार?”

“हो.”

ही माहिती वॉर्डच्या भिंतीवरही लावलेली आहे. त्यापलीकडे मी काही बोलले नाही.

मंगळवारी सव्वाआठला मला वॉर्डात बोलावणं आलं. सर्जन पलंगाशी उभे होते.

“बाई, काय सांगितलं होतं तुम्हाला?”

“भूक लागलती, डॉक्टरसाहेब.”

“म्हणून पोहे? तेही वरून झणझणीत तर्रीचा रस्सा घालून?”

“बिना तर्रीचे कोन खाते?”

सिस्टर खिडकीबाहेर पाहू लागल्या. सर्जन माझ्याकडे पाहत होते. मी केसपेपर वाचत होते.

गुरुवारी संध्याकाळी मार्करचा रिपोर्ट आला. मार्कर म्हणजे पेशीची जात सांगणारे खास रंग. नळ्यांच्या पेशींचा रंग चढला नव्हता, बी-पेशींचा, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या एका जातीचा, चढला होता. निदान झालं: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. स्तनातल्या लिम्फोमांत हाच जास्त आढळतो. मार्जिनल झोन नावाचा प्रकार असता, तर तो वर्षानुवर्षं संथ राहिला असता. हा वेगाने वाढतो. त्याचेही दोन उपप्रकार आहेत आणि पुष्पाबाईंचा त्यातला जरा हट्टी निघाला. जमेची बाजू एकच: पुढे स्कॅनमध्ये दिसलं की आजार स्तनाबाहेर गेला नव्हता.

सर्जननी शुक्रवारच्या लिस्टवरचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं.

“तिला पोहे खायला कोणी सांगितलं, मॅडम?”

“रुग्णाला भूक लागली होती, अशी नोंद आहे सर.”

निदान सांगायला त्यांनी मलाही सोबत नेलं. पुष्पाबाईंनी विचारलं, “ह्या जातीचा चांगला का वाईट?”

सर्जन म्हणाले, “झपाट्याने वाढतो. पण औषधाने बऱ्याच जणांचा जातोही. दुसऱ्या स्तनात किंवा मेंदूत परत येऊ शकतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही.”

“जाईलच, असं लिहून द्याल?”

“नाही.”

“मंग खरं बोलून राह्यले तुमी.”

दर एकवीस दिवसांनी सलाइनमधून औषध, असे सहा डोस झाले. नंतर रेडिएशन. पुष्पाबाई समुद्रपूरहून एसटीने आल्या, एकही तारीख चुकली नाही. आता आमच्याकडे पक्का बायोप्सी रिपोर्ट आल्याशिवाय स्तनाच्या ऑपरेशनच्या लिस्टवर नाव चढत नाही. हा नियम सर्जननीच केला.

शेवटचा स्कॅन नागपूरला झाला. त्यासाठी सहा तास उपाशी राहावं लागतं. रिपोर्टनुसार दोन्ही स्तनांत, काखेत किंवा इतर कुठे आजार दिसला नाही. स्कॅन सकाळी अकराचा होता. अर्जावर ‘शेवटचं खाणं’ या रकान्यात नोंद आहे: आदल्या रात्री आठ वाजता.