तिच्या आधीचा घास

साल १९९८. माझं वय तेव्हा बासष्ट. शिक्षण तिसरी, पण ताठा सात गावांचा. पोटी लेकरू न्हाई. त्यासाठी आमच्या घरातलीनं औंढ्याच्या नागनाथाचे किती सोमवार धरले, गणती न्हाई. झालं काहीच न्हाई. तेव्हापासून माझं देवाशी वाकडं. ती एकटी जायची, मी शेतात राहायचो. त्या साली हळद काढायच्या दिवसांत तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, वाचा गेली. मी मनात म्हणलं, घ्या, हे सोमवारांचं फळ.

शेजारीच धाकटा भाऊ राहायचा. बांधावरून आमचं नऊ वर्षं बोलणं न्हाई. तरी भावजयीनं दुसऱ्याच दिवशी भाकरी-कालवणाचा डबा ओट्यावर आणून ठेवला. मी तो न उघडता तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला. "माझे हात मोडले न्हाईत," असं भिंतीला ऐकवलं. पुन्हा आणला, पुन्हा ठेवला. मग मीच चुलीपुढं बसलो. भाकरी करपायची, तीच दुधात कुस्करून तिच्यापुढं धरायचो. आजाऱ्याचं आधी, आपलं मागून, असा माझा हिशोब. पण ती दात घट्ट मिटायची. डाव्या हातानं सारखी चुलीकडं, तव्याकडं दाखवायची. मला वाटायचं, माझ्या भाकरीला नावं ठेवून राहिली. मी ओरडायचो, "चाळीस वर्षं तुझ्या हातची खाल्ली, तू चार दिस माझ्या हातची खा की!" एकदा तर जबडा दाबून घास कोंबला. तिनं तो बाहेर टाकला. डोळ्यातून पाणी आलं, आवाज न्हाई. ते मी आज लिहून राहिलो, पण बोलायची हिंमत मला अजून न्हाई.

आठ दिवस नुसत्या साखरपाण्यावर. हिंगोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, "बाबा, पोटात अन्नच न्हाई तर औषध कशावर काम करील? अशानं जास्त दिवस निघायचे न्हाईत." परत येताना औंढ्याला जीप बदलायची होती. तिनं डावा हात कळसाकडं केला. मला राग आला, पण मरणाऱ्या माणसाला न्हाई कसं म्हणावं. पाठुंगळी घेतलं. वजन उरलंच नव्हतं. देवळाच्या आवारात भिंतीला टेकवून बसवलं, हात मात्र जोडला न्हाई. पिशवीतलं कुस्करलेलं भाकरी-दूध काढलं आणि पुन्हा तीच झोंबाझोंबी सुरू केली.

"अरे बाबा, घास भरवतो का खुट्टा ठोकतो?"

बाजूला तांड्याची एक म्हातारी बसली होती. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, मांडीवर फडक्यात भाकरी. मी म्हणलं, "तुला काय करायचं, बाई? ती खाऊन न्हाई राहिली."

"तू जेवला का?"

"माझं काय मधीच? मी मागून जेवतो."

म्हातारी हसली. "मागून! तुझ्या आधी जेवली का ती कधी जन्मात? मग आजच कशी जेवंल?"

तिनं आपली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात ठेवली. "खा. तिच्या म्होरं खा."

मी खाल्ली. घरातली माझ्या तोंडाकडं बघत होती, लेकरू बघतं तशी. तिसरा घास गिळला अन् तिनं आपणहून तोंड उघडलं. वाटी संपवली.

मान वर केली तर म्हातारी जागेवर न्हाई. खाली गाभाऱ्यात गेली असंल म्हणून मी गेलो. तिथं अरुंद पायऱ्या, ठेंगणं छत. ताठ माणूस उतरूच शकत न्हाई. गुडघ्यावर, हातावर रांगत उतरलो. आत समई, पिंड आणि मी. वाकलोच होतो, तर डोकं टेकलं. ती कोण होती, मला ठाऊक न्हाई. तांड्यावरची साधी म्हातारी असंल, आपल्या वाटेनं गेली असंल. मी काही पैज लावत न्हाई.

मला बोचतं ते दुसरंच. चाळीस वर्षं मी जेवून हात धुऊन उठलो. मागं दुरडीत काय उरतं, ती कधी बसते, काय खाते, मी एकदा पाह्यलं न्हाई. दुष्काळाच्या सालीसुद्धा मी चौथी भाकरी मागितली होती. मुकी झाल्यावरही ती तव्याकडं बोट करून एकच सांगत होती, आधी तुमी. आणि मी तिचा जबडा दाबला. त्यानंतर ती आणखी दोन वर्षं जगली, ती वर्षं देवानं उधार दिली म्हणतो मी. त्या दोन वर्षांत मी रोज तिच्यापुढं बसून आधी जेवलो. सोमवार आता मी धरतो. मागत काही न्हाई, मागायचं तोंडच उरलं न्हाई. ज्यानं वाकवलं त्याचे उपकार, एवढंच.

औंढ्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि भावाच्या अंगणात गेलो. भावजय सडा टाकत होती. मला पाहून तिनं पदर ओढला. जेठ म्हणून मी तिच्याशी कधी सरळ बोललो नव्हतो. म्हणलं, "बाई, आज दोघांचं देशील का? मला तिच्या आधी जेवायचंय." तिनं आत जाऊन चूल पेटवली. मी तिच्या उंबऱ्यावर बसलो, डबा ठेवायचो त्याच जागी, आणि भाकरी होईपर्यंत उठलो न्हाई.