आमच्या यांनी बेल उचलला नाही

गावानं पहिल्यांदा मतं टाकली त्या सालची गोष्ट. दोन मळ्यांमधल्या धुऱ्यावरचा हद्दीचा दगड आमच्या यांनी सरकवला नव्हता. मी तिथंच वांग्यात निंदत होते, मला नाही कळणार? पण शेजारच्या मळेवाल्यानं कांगावा केला आणि पंचांनी दोघांना महादेवाच्या देवळात बोलावलं. हातात बेल घ्या अन् खरं बोला. त्यानं झटकन बेल उचलला आणि बेधडक खोटं बोलला. यांनी हात मागे घेतला.

"बेल हाती घेऊन खरं बोलाचं, मंग बाकीच्या दिवशी खोटं बोलायले मोकळे का? मी रोजच खरं बोलतो. देवाले मधात कायले ओढता?"

झालं. ज्यानं बेल उचलला नाही तोच लबाड ठरला.

जमिनीची पट्टी गेली, त्याचं एवढं नाही. पण विस्तव मागायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. जऊळक्याच्या बाजाराला आम्ही टोपल्या घेऊन सोबत जायचो. आता त्या मला टाळून आधीच निघून जात. वाटेनं बोलायला कुणी नाही. फार रडू यायचं, आणि यांचा रागही. बेलाचं एक पान उचललं असतं तर काय हात झडला असता?

दिवाळीनंतर मळेवाल्याची पोरगी तापानं फणफणली. गाव लगेच फिरलं. खोट्या बेलाचं फळ, म्हणाले. घरालगतची शेजारीण विस्तवाला आली, घटकाभर बसलीसुद्धा. मी सुखावले. हे मात्र चिडले.

"बापाच्या खोट्यापायी लेकराले मारते, तो देव कसा? मानसानं असं केलं तर आपन त्याले राक्षस म्हनतो."

आणि बैल जुंपले. मळेवाला तोंड चुकवत होता. त्याला म्हणाले, "बस गाडीत." पोरीला वाशिमच्या डॉक्टरकडे नेलं.

पोरगी बरी झाली. मग गाव म्हणालं, वाचली ना, म्हणजे त्याचा बेल खराच होता. मळेवाल्यानंही मान डोलावली. शेजारीण पुन्हा फिरकली नाही.

मी यांना फाडफाड बोलले. "आता आपन जन्माचे लबाड. काय भेटलं तुमाले?"

हे बैलांना कडबा टाकत होते. न वळताच म्हणाले, "मंग काय, पोरगी मराले पायजे होती?"

नाही, म्हटलं मी. आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन एकटीच बाजाराला गेले.