शिक्षेतून सोडव

इंदिरा नगरात आमची चार मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. दर शनिवारी दुपारी आम्ही बायका कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतो. लखनौत हिंदीशिवाय पान हलत नाही, पण प्रार्थना मराठीतच व्हायची, हा माझा हट्ट.

त्या शनिवारी सगळ्या माझ्याकडे होत्या. दूरच्या एका देशात मुलींच्या शाळा बंद केल्याची, शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलींना मार बसत असल्याची बातमी मी सकाळीच वाचली होती. मी डोळे मिटून म्हणाले, “हे प्रभू, त्या मुलींना या शिक्षेतून सोडव.”

कोणी आमेन म्हणायच्या आतच स्वयंपाकघराच्या दारातून आमची कामवाली बाई म्हणाली, “ऐसा मत माँगिए, आंटी. उनकी शिक्षा मत छुड़वाइए.”

प्रार्थनेत मध्येच कोणी बोललेलं मला खपत नाही. मी जरा घुश्शातच तिला सांगितलं, की मराठीत शिक्षा म्हणजे सज़ा. तुमच्या शिक्षेला आम्ही शिक्षण म्हणतो.

“अच्छा,” ती म्हणाली. “हमारी तो पाँचवीं में छुड़वा दी थी. हमें लगा, आप भी वही माँग रही हैं.” आणि ती भांडी घासायला आत गेली.

ती नऊ वर्षं माझ्याकडे काम करते आहे. तेवढ्या वर्षांत तिच्याबद्दल मी देवाकडे एकच गोष्ट मागितली होती, की तिनं खाडे करू नयेत.