नाळेवरचं गोडं पाणी

वडिलांची होडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी पन्नाशी ओलांडली, म्हणजे तिचं वय काय ते समजून घ्या. या वर्षी विमा कंपनीने कळवलं, एवढ्या जुन्या होडीचा विमा तपासणीशिवाय चालू राहणार नाही. आणि विमा नाही तर होडी नाही, ही अट आमच्या घरात मीच घातलेली. आदल्या वर्षी शेजारच्या एकाच्या होडीला खाडीत रेतीचा बार्ज घासून गेला. माणूस वाचला, होडी गेली. तेव्हा रागाच्या भरात मी बाबांना बोललेले, विम्याचा कागद आहे तोवर मासेमारीला जा, कागद संपला की मी स्वतः होडीला गिऱ्हाईक आणते. पंचाहत्तरीच्या माणसाने त्यावर नुसती मान हलवली. मी ठाण्याला वर्तकनगरात पंख्याखाली बसणार, मला बोलायला काय जातंय.

तपासणीच्या सकाळी डोंबिवलीच्या खाडीकाठी आमच्या गावात पोहोचले, तर होडी चिखलातून वर ओढून ओंडक्यांवर टेकवलेली आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याशेजारी उभे. माझ्या लग्नातही ते असे ताठ उभे नव्हते. होडी गेली तर हा माणूस घरात बसून करणार काय, हा प्रश्न अट घालताना मला पडलाच नव्हता.

विमा कंपनीचा सर्व्हेअर तरुण, बोलणं बेताचं. छोट्या हातोडीने एकेक फळी ठोकत निघाला. आवाज टणक येत होता, तसतशी मी सैल होत होते. पुढच्या टोकाला, नाळेपाशी, आवाज एकदम बसका आला. त्याने टोच्या लावला आणि तो फळीत सरळ आत गेला.

"इथे गोडं पाणी कोण घालतं?" त्याने विचारलं.

आई, आणखी कोण. लग्न होऊन आल्यापासून रोज, बाबा निघायच्या आधी, ती नाळेवर तांब्याभर पाणी घालते, हळदकुंकू लावते, फूल ठेवते. बाबा सुखरूप परत यावेत म्हणून. सर्व्हेअर समजावून सांगत होता, खाऱ्या पाण्याने लाकूड टिकतं, गोडं पाणी सांध्यात मुरलं की कुजतं. आमच्यामागे उभी असलेली आई पुढे आली आणि टोच्याने पडलेल्या भोकात तिने बोट घातलं.

"म्हंजे मीच कुजवली," ती म्हणाली.

तो अजून फळी चाचपत होता. "काका, ही फळी बाकीच्यांपेक्षा बरीच नवी दिसते. आधी बदललीय का?"

"ही चौथी," बाबा चिखलाकडे बघत म्हणाले.

म्हणजे बाबांना सगळं ठाऊक होतं. दर काही वर्षांनी, पावसाळ्यात आई भाताच्या लावणीला माहेरी गेली की ते सुतार बोलवायचे, तेवढी फळी बदलून वरून रंग मारून घ्यायचे. गेल्या पावसाळ्यात गुडघे धरले आणि ते राहून गेलं.

"मना कधी सांगितलं नाय," आई म्हणाली.

"त्यात काय सांगायचं."

फळी बदलायला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. शहाडहून सुतार आणला, सागाची फळी आणली, ऑफिसात खोटं बोलून दोन सुट्ट्या काढल्या. ज्या होडीसाठी मी गिऱ्हाईक आणणार होते, ती पास होऊ दे म्हणून देवाची विनवणी करत होते. आई तेवढे दिवस नाळेकडे फिरकलीही नाही. धड जेवतही नव्हती.

दुसऱ्या खेपेला सगळीकडे टणक आवाज आला. सर्व्हेअरने फॉर्म काढला आणि माझा जीव भांड्यात पडला. "मावशी, आता तेवढं पाणी बंद करा," तो लिहिता लिहिता म्हणाला. आईने मान डोलावली.

"नाय साहेब," बाबा म्हणाले. "पाणी ती घालील. फळी मी बदलीन."

अरे देवा. सही दोन इंचांवर आलेली आणि यांना आत्ताच तोंड फुटलं. "बाबा, गप्प बसा ना," मी दात आवळून म्हटलं. सर्व्हेअरचं पेन थांबलेलं. त्याने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. मग तो खाली वाकून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

इंग्रजीतलं मी आईला मराठीत करून सांगितलं. होडी वापरास योग्य. अट एकच, नाळेची फळी दर पाच वर्षांनी बदलून फोटो पाठवणे. पुढे कारण लिहिलेलं, रोजची पूजा. हे दोन शब्द मी आईला दोनदा वाचून दाखवले.

आईने पदराने डोळे पुसले आणि बाबांकडे वळली. "पाच वर्सांनी फळी बदलायचीय. तवर जायला लागंल तुमाला."

"धा धर," बाबा म्हणाले.