वाडीतल्या मधमाश्या

आई गेल्यावर बाबांना काही महिन्यांसाठी मी कार्डिफला घेऊन आले. आले खरी, पण मला वेळ कुठे होता? मी म्युझियममध्ये कीटकांच्या नोंदी तपासते. दिवसभर टाचणीला टोचलेल्या माश्यांखालची नखाएवढी लेबलं वाचून डोळ्यांची पार वाट लागते. घरी यावं तर बाबा खिडकीत बसलेले. "रस्त्यावर चिटपाखरू नाही गं इथे," रोज तेच. ऐकून ऐकून जीव विटला होता माझा.

म्हणून मी त्यांनाही कामाला लावलं. वाळवंटातल्या डोंगरांत फार पूर्वी एका साहेबाने रानमधमाश्या गोळा केल्या होत्या. त्यांच्या लेबलांचे फोटो आमचे व्हॉलंटियर्स घरबसल्या टाइप करतात. या माश्या मध साठवत नाहीत, पोळं बांधत नाहीत, प्रत्येकीचं बीळ वेगळं, असं मी सांगितलं तर बाबा म्हणाले, मग मधमाशी कसली ती! पण रमले. सकाळी दाढी करून लॅपटॉपपुढे बसायला लागले. जेवताना मला बातम्या द्यायचे, आज आपला साहेब अमुक वाडीला होता, काल तमुक वाडीला. मी हुश्श केलं.

मग त्यांचं काम तपासायला माझ्याकडेच आलं आणि मी कपाळावर हात मारला. 'जागेचा प्रकार' या रकान्यात सगळीकडे 'गाव'. लेबलावर होतं 'वादी', म्हणजे तिकडच्या अरबी भाषेत पावसापुरती वाहणारी कोरडी नदी. इंग्रजीत द आणि ड एकच. रत्नागिरीकडच्या माणसाने ते वाडी वाचलं, यात त्यांची काय चूक? पण सगळ्या माश्या अस्तित्वातच नसलेल्या गावांत नेऊन बसवल्या होत्या. गुपचूप मीच बदललं असतं, पण पुढच्या लेबलांचे फोटोही त्यांच्याकडेच होते. सांगावं तर काम सोडून परत त्या खिडकीत बसतील, याची मला खरंच भीती वाटत होती.

शेवटी रविवारी पोह्यांची बशी पुढे ठेवून सांगून टाकलं. बाबांनी चष्मा काढला.

"म्हणजे तिथे घरंच नव्हती?"

"नाही हो बाबा."

"मग हा माणूस मुक्कामाला कुठे राहायचा?"

"तंबूत राहत असेल. एकटाच."

ते बराच वेळ पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत राहिले. "मी तर रोज त्याला कुणाच्या तरी ओटीवर बसवून चहा पाजत होतो गं," म्हणाले.

मग उठले आणि लॅपटॉप उघडला. मी करते म्हटलं तर मला हात लावू देईनात. संध्याकाळपर्यंत एकेक नोंद काढून दुरुस्त केली. फक्त शेवटची तशीच ठेवली.

"ही राहू दे. एक दिवस तरी त्याला माणसं भेटू देत."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी ऑफिसात ती मीच बदलली. कामच आहे ते माझं. 'गाव' खोडून 'कोरडी नदी' टाकलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मग बाबांना फोन लावला, उगीचच, चहा झाला का विचारायला.