बॉनेटवरचं स्टिकर

परवा बुऱ्हाणपुरात फ्लेक्सवाल्याच्या दुकानात शिरले, तर ताज्या स्टिकरच्या गोंदाचा वास आला आणि निंबोल्याजवळची ती कच्च्या रस्त्यावरची शर्यत आठवली. गाडी माझा मोठा भाऊ चालवत होता. मी शेजारी बसून त्याला पुढची वळणं सांगत होते. ठिबकचे पाइप बनवणाऱ्या एका कंपनीने टायरांचा खर्च उचलला होता, म्हणून आमची पांढरी गाडी तिच्या हिरव्या रंगात रंगली होती आणि बॉनेटभर तिचं नाव चिकटवलेलं होतं.

केळीच्या बागांमधून गाडी भरधाव निघाली. वाऱ्याने ते स्टिकर पुढून सुटलं, फडफडलं आणि फाटकन काचेवर येऊन बसलं. आत हिरवा अंधार झाला.

"अगं, काहीच दिखत नाही!" भाऊ ओरडला.

मागून धुरळ्यात दुसरी गाडी येत होती. तिथेच थांबलो असतो तर ती आमच्यावर आदळली असती. मी पट्टा सोडला आणि खिडकीतून अर्धी बाहेर वाकले. डोळ्यांत माती जात होती.

"डावीकडे घे! अजून! आता शेतात उतर, हळू!"

गाडी कापसात थांबली आणि मागची सुसाट निघून गेली. शर्यत बघायला रस्त्याकडेला उभा असलेला कंपनीचा माणूस धावत आला. "नाव फाटलं का हो?" त्याने आधी हेच विचारलं. तेव्हा मला त्याचा भयंकर संताप आला होता. आता त्याचा चेहराही आठवत नाही. आठवतो तो भाऊ. घरात माझं एक न ऐकणारा, आणि त्या क्षणी मी म्हणेन तिकडे निमूट स्टिअरिंग फिरवणारा.