निष्कर्ष आधी, धावणं नंतर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच कुणी खिदळलं की माझं डोकं फिरतं. गाढवपणा माझाच आहे, कबूल! पण सांगणाराही मीच आहे, तेव्हा चहा प्या आणि गप्प ऐका.

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका रबराच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. वीस वर्षं झाली. मशिनला लागणारी रबरी सील, वॉशर असलं काय काय आम्ही बनवतो आणि ते टिकणार की तडकणार, हे मी ठरवतो. सकाळी धावतोही. तीसेक जणांचा ग्रुप आहे आमचा. ग्रुप म्हणजे काय, तर पाच किलोमीटर धावायचं आणि पन्नास फोटो काढायचे! एका पठ्ठ्याचं घड्याळ चार्ज नव्हतं, तर तो धावलाच नाही. म्हणे, "मोजलंच जाणार नाही तर पळून काय उपयोग?" अशा नगांमध्ये शहाणा मी एकटाच, असं माझं ठाम मत होतं.

तर मध्यंतरी या ग्रुपात अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचं खूळ शिरलं. व्हिटॅमिन सी घे, ई घे, लाल गोळी, पिवळी गोळी. का घ्यायच्या? कुणाला पत्ता नाही! अमका घेतो म्हणून तमका घेतो. मला मात्र एका मिनिटात उलगडा झाला. अहो, अँटिऑक्सिडंट आम्ही रबरात रोज घालतो! नाही घातलं तर हवा लागून रबर कडक होतं, तडे जातात. घातलं की वर्षानुवर्षं टिकतं. मग माणसाच्या गुडघ्यात वेगळं काय असणार? सांगा ना!

नका सांगू. आता कळलंय मला.

उल्हासनगरला जाऊन तीन महिन्यांचा माल एकदम उचलला. दुकानदार घाबरलाच. "साईं, इतनी सारी? घर में कोई बीमार है क्या?"

"बीमार नहीं, रनर हूँ," मी छाती काढून म्हणालो.

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, सावकाश पाहिलं, आणि "अच्छा" म्हणून पिशवीला गाठ मारली. या लोकांना सायन्समधलं काय कळतंय, म्हणून मी सोडून दिलं.

आमची बायको, सुनंदा, शाळेत शिकवते. तिनेही सहा महिन्यांपूर्वी धावायला सुरुवात केलेली. पंजाबी ड्रेस, साधे बूट, निघताना एक केळं. बस. मी पिशवी टेबलावर ओतली तशी तिने एक बाटली उचलली. मी म्हटलं, "ठेव ती. तुला यातलं काही मिळणार नाही. तू कंट्रोल सॅम्पल."

"म्हणजे?"

"आम्ही रबराचे दोन तुकडे घेतो. एकात औषध, एकात नाही. बिनऔषधाचा आधी तडकला की औषध पास."

"म्हणजे मी तडकायचं?"

"अगं, सायन्ससाठी!"

तिने कमरेवर हात ठेवले. "आणि तुम्हीच तडकलात तर?"

मी असा हसलो, असा हसलो! दहा किलोमीटरला मला लागायचा एक तास पाच मिनिटं. तिला एक तास सोळा. ती शांतपणे म्हणाली, "मग पैज लावा. बदलापूरच्या दहा किलोमीटरच्या रेसला जो मागे राहील, त्याने वर्षभर एकट्याने पाणी भरायचं."

आता तुम्ही अंबरनाथचे नसाल तर यातलं गांभीर्य कळायचं नाही. आमच्या बिल्डिंगला पाणी येतं पहाटे साडेचारला, पाऊण तास. आमच्या तिसऱ्या मजल्यावर तर ते चढतच नाही. खाली जायचं, बादल्या भरायच्या, वर आणायच्या, पुन्हा खाली. आम्ही एक दिवसाआड वाटून घेतलेलं. वर्षभर रोज साडेपाचपर्यंत लोळायला मिळणार, या कल्पनेनेच मला गुदगुल्या झाल्या. लावली पैज!

फ्रीजवर तक्ता चिकटवला. एक रकाना माझा, एक तिचा. आणि काय सांगता, तिसऱ्याच आठवड्यात रिझल्ट! पंधरा किलोमीटर धावून आलो तरी माझे पाय दुखेनात. सुनंदा मात्र "आई गं, आई गं" करत कठड्याला धरून जिना उतरतेय. मी तिच्या रकान्यात लिहिलं, 'तडे दिसू लागले.' तिने वाचलं आणि भाजी फोडणीला टाकली.

ग्रुपमध्ये मी रोज सकाळी व्याख्यान द्यायला लागलो. सगळे माना डोलवत. फक्त कांबळे काका सोडून. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, वय चौसष्ट, पायात कॅनव्हासचे बूट. म्हणाले, "अरे बाबा, पाय दुखतात तेव्हाच शरीर शिकतं. पुढच्या वेळी जास्त ताकद काढायची, हे त्याला समजतं. तू त्याला काही कळूच देत नाहीयेस."

"काका, वीस वर्षं मी यातच आहे."

"रबरात रे!"

"तेच ते!"

सगळे हसले. मला वाटलं, काकांना हसले. बघा माझी अक्कल!

दोन महिने झाले. माझा टाइम एक तास सहा. म्हणजे एक मिनिट वाढला! सुनंदाचा एक तास दहा. दुसरा कुणी असता तर दचकला असता. मी दचकलो नाही, कारणं शोधली. तिला वारा मागून होता. तिचं वजन कमी. तिचं घड्याळ स्वस्तातलं. कंपनीत एखाद्या कामगाराने मला असली कारणं दिली असती ना, तर त्याला उभा फाडला असता मी!

पण खरा कहर पुढेच आहे. रेस रविवारची. शनिवारी दुपारी मी बसलो आणि चाचणीचा अख्खा रिपोर्ट लिहून काढला. तारीख, उद्देश, पद्धत आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: 'गोळ्या न घेतलेला नमुना दहा किलोमीटर टिकत नाही, हे या चाचणीवरून सिद्ध झाले आहे.' फक्त दोन टाइम भरायचे बाकी ठेवले. आणि पाठवला ग्रुपवर! तीस जणांना! वर लिहिलं, 'उद्या फिनिश लाइनला साक्षीला या.'

आले ना मेले. एरवी सहाला या म्हटलं की सातला उगवणारे, त्या दिवशी झाडून सगळे हजर.

सहा किलोमीटरपर्यंत मी पुढे होतो. शपथ! सातव्याला मागून ओळखीच्या बुटांचा आवाज आला. सुनंदा शेजारी आली आणि काळजीने म्हणाली, "अहो, बरं वाटतंय ना? चेहरा किती लाल झालाय."

"स्ट्रॅटेजी आहे," मी धापा टाकत म्हणालो.

"बरं बरं," म्हणाली आणि गेली. गेली ती गेलीच. थोड्या वेळाने तिची ओढणीही दिसेना.

तिचा टाइम एक तास चार. माझा एक तास तेरा. मी फिनिश लाइन ओलांडली तेव्हा ती केळं खाऊन, फोटो काढून, सावलीत बसून कुणाला तरी गुडघ्याचे व्यायाम दाखवत होती. आणि ग्रुपमधला एक हलकट फोन डोळ्यांसमोर धरून माझा निष्कर्ष मोठ्याने वाचत होता. प्रत्येक शब्दावर टाळ्या!

"थांबा!" मी ओरडलो. "एका चाचणीवरून काहीही सिद्ध होत नाही!"

कांबळे काका घाम पुसत म्हणाले, "पण काल तर शून्य चाचण्यांवरून झालं होतं की."

खाली मान घालून पाणी प्यायलो. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेचारला उठलो. अकरा बादल्या, तीन मजले. बादली टेकवताना जरा आवाज झाला तर आतून हाक आली, "अहो, हळू! झोपमोड होते." साडेपाचला बाईसाहेब उठल्या, आवरून बूट घालून दारात आल्या. मी जिन्यात बसून मांड्या चोळत होतो. दोन महिन्यांत पहिल्यांदाच दुखत होत्या. माझी दया आली असणार तिला.

"चला," ती म्हणाली, "आज तुमच्या स्पीडने धावते मी."

गेलो मुकाट्याने. आणि खोटं कशाला बोलू, तरीही मागेच राहिलो.